मंजूर, मंजूर!

मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकात कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि सीएसआर ही दोन वेगवेगळी प्रकरणं असतात. पहिल्यात संचालक मंडळ, ऑडिटर, समित्या. दुसऱ्यात शाळा, झाडं, रक्तदान शिबिरं. पहिलं प्रकरण कोरडं, त्यामुळे विद्यार्थी ते पाठ करतात. दुसरं गोड, त्यामुळे कंपन्या त्याचे फोटो छापतात. उदाहरणं मात्र ठरलेली. ह्यूस्टनची एन्रॉन, नाहीतर आमच्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातली हैदराबादची सत्यम. या सत्यमला २००८ साली उत्तम गव्हर्नन्सबद्दल 'गोल्डन पीकॉक' पारितोषिक मिळालं होतं. पुढे चारेक महिन्यांत, ७ जानेवारी २००९ रोजी, चेअरमनसाहेबांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातले हजारो कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पारितोषिक मग परत घेण्यात आलं. असो.

गेले काही शनिवार-रविवार या विषयावर वाचत होतो, आणि राहून राहून एकच गोष्ट मनात येत होती. ह्यूस्टन आणि हैदराबादला कशाला जायचं? साताऱ्याहून निघून कराडमार्गे सांगलीला जा. सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात हा अख्खा सिलॅबस पडलाय. एक कारखाना, एक संस्थान आणि तीन बँका. तिन्ही बँका आज नाहीत. का नाहीत, त्याची तीन उत्तरं तीन तऱ्हेची आहेत, आणि म्हणूनच ती एकत्र वाचायला हवीत.

सुरुवात कारखान्यापासून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग नोकरी सोडून बेळगावात कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला लागले. शेतकरी नांगर घेईनात, कारण लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. आपल्या संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केलं. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहत सुरू झाली, ती किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. (सांगली जिल्हा असा तेव्हा नव्हताच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.)

वाडीत आधी कामगारांची राहायची सोय, पाणी, शाळा, आणि त्याबरोबरीने कारखाना. वसाहतीचा कारभार रामूअण्णा किर्लोस्करांकडे, यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. रात्रीची राखण कोणाकडे? तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. दोघेही शिक्षा भोगून आलेले. ज्यांना गावाने चोर म्हणून ओळखलं त्यांच्या हातात वाडीची सुरक्षा दिली, आणि त्यांनी ती चोख सांभाळली. आज एखाद्या कंपनीने असं केलं तर वार्षिक अहवालात आठ रंगीत पानं येतील.

सगळे इथेच थांबतात, आणि किर्लोस्करवाडीची गोष्ट 'थोर माणसाची गोष्ट' होऊन बसते. मला मात्र रेग्यांचं नाव महत्त्वाचं वाटतं. लक्ष्मणराव यंत्रातले दर्दी होते, पण हिशेब त्यांनी दुसऱ्याकडे सोपवला होता. पुढे १९२० मध्ये धंद्याची रीतसर लिमिटेड कंपनी झाली. म्हणजे आता भागधारक आले, सभा आली, छापील ताळेबंद आला. घरच्या धंद्याने आपल्या चोपड्या परक्या माणसांपुढे उघडायला कबूल होणं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अर्थात लिमिटेड झालं म्हणजे कायमचं सुटलं असं नसतं. याच घराण्यातल्या आजच्या पिढीचा कौटुंबिक करारावरचा वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाला मध्यस्थी सुचवावी लागली. पणजोबांची पुण्याई वारसाहक्काने येते, पण कारभाराची शिस्त येत नाही. ती दर पिढीला नव्याने लिहून काढावी लागते.

लिहून काढण्यावरून पुन्हा औंधच्या राजांकडे येतो, कारण या विषयातला सगळ्यात धाडसी प्रयोग त्यांचा आहे. औंध हे बहात्तर गावांचं चिमुकलं संस्थान. १९३९ च्या जानेवारीत या राजाने आपला अधिकार लेखी राज्यघटना करून प्रजेच्या हाती दिला. गावच्या निवडलेल्या पंचायती हा तिचा पाया. घटनेमागे गांधीजींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश माणसाचे कष्ट. हा फ्रीडमन पेशाने इंजिनियर, बंगलोरच्या सरकारी विजेच्या सामानाच्या कारखान्यातला. (आमच्या जमातीतलं कोणीतरी इतिहासात सापडलं की बरं वाटतं.)

चांगला राजा होताच की. मग राज्यघटना कशाला? प्रजेची तक्रार होती म्हणून? तसं नव्हे. राजा चांगला आहे यावर व्यवस्था चालू नये म्हणून. आमच्याकडे याला सोपा नियम आहे. टीममधला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात प्रामाणिक माणूस असला, तरी त्याचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय लाइव्ह जात नाही. यात अविश्वास नसतो. उलट विश्वास टिकावा म्हणून केलेली ती सोय असते. गव्हर्नन्स म्हणजे मालकाने स्वतःच्या हाताला स्वतःहून बांधलेली दोरी. औंधच्या राजाला हे १९३९ मध्ये कळलं होतं.

आता बँकांकडे वळू. स्वदेशीच्या लाटेत साताऱ्यात १९०७ साली 'सातारा स्वदेशी कमर्शियल बँक' निघाली. तिच्यामागे अण्णासाहेब चिरमुले. त्यांनी साताऱ्यातच वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स ही विमा कंपनीही उभी केली. मग १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक. १९५१ मध्ये ती शेड्यूल्ड बँक झाली, आणि १९५६ मध्ये जुनी स्वदेशी बँक तिच्यातच विलीन झाली. इकडे सांगलीत १९१६ मध्ये सांगली बँक निघाली होती. कराडात १९४६ मध्ये बँक ऑफ कराड.

मुंबईच्या मोठ्या बँकांना तेव्हा साताऱ्याच्या मास्तरची बचत नको होती आणि सांगलीच्या हळदीच्या पेवावर कर्ज द्यायलाही त्या येणार नव्हत्या. या बँका आल्या. त्यांनी कर्जदाराला त्याच्या बापाच्या नावाने ओळखलं, पासबुक मराठीत समजावून सांगितलं. सीएसआर हा शब्द जन्मायच्या आधीची ही सामाजिक जबाबदारी, आणि ती फावल्या वेळची नव्हती. तोच त्यांचा धंदा होता. शाखा उघडणं हेच समाजकार्य.

मग काय झालं?

पहिली पडली कराडची. साल १९९२. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी आली आणि हर्षद मेहताचं नाव घराघरांत पोचलं. त्या घोटाळ्याचं यंत्र समजून घ्यायला सोपं आहे. एका बँकेला पंधरा दिवसांसाठी पैसे हवेत. ती आपल्याकडचे सरकारी कर्जरोखे दुसऱ्या बँकेला विकते आणि ठरल्या दिवशी थोड्या जास्त भावाने परत घ्यायचं कबूल करते. खरे रोखे हलवायला वेळ लागायचा, म्हणून विकणारी बँक एक पावती देई, तिचं नाव बँक रिसीट, थोडक्यात बीआर. 'रोखे माझ्याकडे आहेत, ते तुमचे' असा त्या कागदाचा अर्थ. आता समजा रोखे नसतानाच पावती दिली तर? समोरची बँक पावती बघून खरे पैसे देणार, ते दलालामार्फत शेअरबाजारात जाणार, आणि भाव चढते आहेत तोवर कोणालाच काही कळणार नाही. अशा आधार नसलेल्या पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराडचं नाव निघालं. हे कराडात घडलं नाही, मुंबईत घडलं. जानकीरामन समितीने एकूण घोटाळा सुमारे ४ हजार कोटींचा काढला. मोठ्या बँका जखमी होऊनही जगल्या. कराडच्या बँकेचा जीव केवढा! ती अवसायनात गेली, आणि १९९४ मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाने घेतला.

कराडच्या शाखेत पैसे ठेवणाऱ्या माणसाने बीआर हा शब्दसुद्धा ऐकला नसेल. त्याची बँक बुडाली ती त्याच्या गावातल्या कुठल्या कर्जामुळे नाही, तर जी पावती दिली जातेय तिच्यामागे रोखा आहे का, हा मेळ वेळेवर न घातल्यामुळे. हिशेबाचा सगळ्यात प्राथमिक नियम. वाण्याची चोपडीसुद्धा रात्री मेळ घातल्याशिवाय बंद होत नाही.

दुसरी साताऱ्याची, आणि तिचं दुखणं संथ होतं. युनायटेड वेस्टर्न पसरत पसरत ९ राज्यांत आणि सुमारे २३० शाखांपर्यंत गेली होती. पण थकीत कर्जं वाढली, तोटा होऊ लागला, नवं भांडवल वेळेवर उभं राहिलं नाही. बँकेने दिलेल्या कर्जाच्या जोखमीच्या ९ टक्के भांडवल स्वतःचं असलंच पाहिजे असा नियम होता. बँक त्याच्या खाली घसरली. दरम्यान रिझर्व्ह बँकेने २८ फेब्रुवारी २००५ ला खाजगी बँकांची मालकी आणि कारभार यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. नेटवर्थ किमान ३०० कोटी हवं, कोणा एकाच्या हातात सहसा १० टक्क्यांहून जास्त शेअर नकोत, संचालक 'योग्य आणि उचित' असावेत. हे सगळं ऐकायला साधं आहे, पण गावच्या बँकेला एकाच वेळी भांडवल आण आणि मोठा मालक आणू नकोस असं सांगितलं, तर ती कात्रीत सापडते. यातून सुटायचं तर आजार लहान असतानाच ओळखायला हवा. तोटा कबूल करून भागधारकांपुढे लवकर जायला हवं.

२ सप्टेंबर २००६, शनिवार, ऐन गणेशोत्सव. बँकेवर मोरॅटोरियम लागलं, म्हणजे व्यवहारांना सक्तीची स्थगिती. खातेदाराला १० हजार रुपयांच्या वर काढता येईना. सात दशकं ज्या बँकेवर पेन्शनी, लग्नखर्च आणि दुकानांचे गल्ले विसंबून होते तिची ही गत. पण याच क्षणी एक मजेशीर गोष्ट दिसली. ज्या बँकेचं भांडवल संपलं होतं ती विकत घ्यायला मोठमोठ्या संस्था रांगेत उभ्या राहिल्या! का? तर शाखा आणि खातेदार. चिरमुल्यांच्या काळापासून साठत आलेला लोकांचा विश्वास ताळेबंदात कुठेच लिहिलेला नव्हता, पण किंमत होती ती त्याचीच. शेवटी सरकारने आयडीबीआयमध्ये विलीनीकरण केलं. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये मिळाले, आणि ३ ऑक्टोबर २००६ पासून पाट्या बदलायला लागल्या. ठेवी वाचल्या. बँक गेली.

तिसरी सांगलीची. तिला कोणी कुलूप लावलं नाही. २००६ च्या डिसेंबरमध्ये सांगली बँक आणि आयसीआयसीआय बँक यांच्या संचालकांनी विलीनीकरण ठरवलं, सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १०० शेअर असा हिशेब झाला, आणि १९ एप्रिल २००७ पासून नव्वद वर्षांची बँक मावळली. साताऱ्याची गेली ती बँकिंग कायद्याच्या कलम ४५ खाली, सरकारच्या हुकमाने. सांगलीची गेली कलम ४४ अ खाली, भागधारकांच्या मताने. कायद्याच्या भाषेत एक सक्तीचं, दुसरं राजीखुशीचं. गव्हर्नन्सच्या परीक्षेत मी सांगलीला जास्त मार्क देईन. संस्था थांबवायची वेळ आली तर खातेदाराला एक दिवसही अडचण न येता ती थांबवणं हाही कारभाराचाच भाग आहे. पण ज्यांना विचारलं गेलं ते भागधारक होते. खातेदार, कर्मचारी, लहान कर्ज घेणारा व्यापारी यांना मत नव्हतं, आणि सामाजिक जबाबदारी म्हणतात ती नेमकी याच लोकांची असते.

तेव्हा या तीन बँकांवरून मला काय दिसतं? तिघींचा हेतू चांगला होता. समाजकार्यात तिघी कमी पडल्या नाहीत. पडल्या त्या त्याच्या आधीच्या पायरीवर. मेळ कोणी घातला, तोटा कोणी वेळेवर सांगितला, आणि 'साहेब, हे बरोबर नाही' असं म्हणायची सोय कोणाला होती, या पायरीवर. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. चांगलंच आहे. शाळांना बाकं मिळतात, गावांना पाण्याच्या टाक्या मिळतात. पण २ टक्के बघता बघता उरलेल्या ९८ टक्क्यांकडे कोण बघतंय, हा प्रश्न त्या कलमात नाही. बँकेची पहिली सामाजिक जबाबदारी म्हणजे मास्तरच्या ठेवीचा हिशेब बरोबर ठेवणं. त्यात चूक झाली तर रक्तदान शिबिरं कितीही घ्या.

आणि हे सगळं जुनं झालं असं कोणी समजू नये. खाजगी बँका गेल्या तरी या दोन जिल्ह्यांत सहकारी साखर कारखाने, पतसंस्था, नागरी बँका, दूध संघ आहेत. यांचा मालक कोण? सभासद. म्हणजे ऊस घालणारा, दूध घालणारा, पाच हजारांचा शेअर घेतलेला साधा माणूस. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. ती कशी होते हे ज्याने मांडवात बसून पाहिलंय त्याला माहीत आहे. विषय वाचायला सुरुवात होते, आणि तो पुरा व्हायच्या आत मागून आवाज येतो, 'मंजूर, मंजूर!' ताळेबंद मंजूर. ऑडिटर मंजूर. विषय क्रमांक एक ते अकरा मंजूर. कोणी उठून काही विचारू लागला की माईक बंद पडतो, नाहीतर शेजारचा हात धरून खाली बसवतो, 'अहो, जेवायची वेळ झाली.' वेळेवर घरी जायचं आणि मुकाट जेवायचं.

वास्तविक कायदा सभासदाच्या बाजूने आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचे हिशेब आणि सभांचं इतिवृत्त बघायचा अधिकार आहे. ठेवींना विमा आहे, तोही ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाचा ५ लाख झालाय. पण विमा म्हणजे बँक बुडाल्यावरचं औषध. आधीचं औषध एकच, मांडवात उठून विचारलेला प्रश्न. थकबाकी किती? त्यात संचालकांच्या नातेवाइकांची किती? गेल्या वर्षी ऑडिटरने काढलेल्या दोषांचं काय केलं? या तीन प्रश्नांना कॉमर्सची पदवी लागत नाही.

जाता जाता इतिहासाची एक गंमत. चिरमुल्यांची विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात एलआयसीत गेली. त्यांची बँक २००६ मध्ये आयडीबीआयत गेली. पुढे आयडीबीआयचीही थकीत कर्जं बेसुमार वाढली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिचे ५१ टक्के शेअर घेऊन तिला सावरलं कोणी? एलआयसीने. साताऱ्यातल्या एका माणसाच्या दोन संस्था अशा फिरून मुंबईत एका छताखाली भेटल्या. पैसा, कागद, इमारती, सगळं कुठे ना कुठे शिल्लक राहिलं. राहिलं नाही ते इतकंच, की बँकेच्या कर्त्या माणसाला साताऱ्याच्या बाजारात सकाळी भाजी घेताना गाठून 'काय हो, यंदा तोटा कसा?' असं विचारता येणं. तो हक्क होता तेव्हा आपण फारसा वापरला नाही. पतसंस्थेत आणि कारखान्यात तो अजून आहे.